सीटा अजून नव्याच हायेत

— नाई नाई, खुशाल पाहा जी, हात लावून पाहा, मी कोठी नाई म्हणून राहिली. फक्त त्या पुढच्या चाकाजवळ पाय जपून टाका, तठी आमची लाल कोंबडी अंड्यावर बसून हाये, चोच मारते. हसता कायले? नागपुरावरून एवढं पेट्रोल जाळून तुमी जी गाडी पाहाले आले, तिच्या चाकाआड सध्या कोंबडी राहते, अन् खरं सांगू का, या गाडीचे आजवर जेवढे मालक झाले त्याइच्यात तीच एक कामाची निघाली. — बसा नं, खाट टाकली हाये. अंजूचे बाबा मोरगावले गेलेत, नवी बॅटरी आणतो म्हणले, येतील घंटाभरात. अंजू म्हणजे आमची पोरगी, साकोलीकडे दिली हाये. घरधन्याचं नाव मी घेत नाई, तुमाले फोनवरून माहीतच हाये. बॅटरी लावली का गाडी उठते, असं त्याइचं म्हणणं. उठली तं उठली. तीन वर्षं झाले, ती अशीच बसून हाये, पोट जमिनीले टेकवून, म्हशीवाणी. तशी सवयच हाये तिले. चांगली होती तवाही तेच करे — मालक आला का खाली बसे, मालक चढला का वर उठे, बटन दाबलं का अजून वर उठे. उंट म्हणा नं. गाडीत माणूस चढते का माणसापुढे गाडी वाकते, तेच समजे ना. अशी गाडी ज्याले पाहिजे त्याच्यात काही तरी कमी असते, मी तेव्हाच म्हणली होती. — नाई. तेव्हा नाई म्हणली. नंतर म्हणली.

कागदं? कागदं ते आल्यावर दाखवतील. पण कागदावर राहते काय — नाव अन् नंबर. मी सांगते नं तुमाले हिचा सारा इतिहास, जल्मापासून. मले उमेंद्रनं सांगतला. उमेंद्र हिचा डायवर, देवरीकडचा. मालक तीन झाले पण डायवर तोच — आंदणात गाय आली का संग गुराखी येते, तसा. तं पहिला मालक गोंदियाचा, दुर्गाप्रसादजी, राइस मिलवाले. धान आमचं, तांदूळ त्याइचा, अन् कोंडा साऱ्या मोहल्ल्याचा, अशी ती मिल. त्याइनं ही गाडी मुंबईवरून बोलावली अन् ट्रकवर चढवून आणली — चालवत नाई आणली, टायर झिजतील म्हणून. पहाड चढणारी गाडी, रेतीतून बर्फातून जाणारी गाडी, विलायतेत म्हणे मोठे लोक शिकारीले नेतात, अन् आमच्या गोंदियात ती ट्रकवर बसून आली, गळ्यात हार घालून. आता गोंदियात पहाड कोठी हाये? शेठजी मिलपासून मंदिरापर्यंत जायचे अन् मंदिरापासून मिलपर्यंत, बस. तेवढ्यातही अर्धा वेळ बाजाराच्या चौकात सांडाच्या मागे उभे. त्याइचे गुडघे दुखत, एवढ्या उंच गाडीत चढता येत नाई, म्हणून उमेंद्र लाकडाचा पाट संग ठेवे. गाडी खाली बसे, मंग पाट लागे, मंग उमेंद्रचा हात लागे, तवा कोठी शेठजी आत. अन् मिलचा कोंडा असा उडे का सकाळी काळी असलेली गाडी दुपारी पिवळी. दोन माणसं निस्ते पुसाले ठेवले होते. सात वर्षं पुसली जी. पुसून पुसून चमक गेली, पण एकदाही चिखलात गेली नाई. मंग शेठजी वारले, पोरांनी रायपूरले घर केलं, त्याइले ही गाडी म्हाताऱ्या माणसाची वाटे. देऊन टाकली.

दुसरा मालक देवरीचा, चंद्रकुमार. ठेकेदार. रस्त्याचे ठेके घे. आता तुमीच सांगा, रस्ते बनवणाऱ्या माणसाले चारही चाकं ओढणारी गाडी कायले पाहिजे? — मी सांगते. त्यानं बनवलेल्या रस्त्यावर दुसरी कोणती गाडी चालतच नव्हती. हसा, हसा, सारी देवरी हसत होती, पण मागे. तोंडावर सारे साहेब-साहेब करत. तो मोठमोठ्या लोकाइले या गाडीत बसवून जंगल दाखवाले ने, मोहाच्या झाडाखाली डब्बा उघडे, बटन दाबून गाडी वर-खाली करून दाखवे — अन् परत येता येता कागदावर सही होऊन जाये. उमेंद्र म्हणे, वयनी, त्या दिवसांत इंजिनापेक्षा मागच्या सीटनंच जास्त काम केलं. तठीच या गाडीले वळण लागलं. जठी सही, तठी ही उभी.

मंग आमच्या दारी कशी आली? अहो, सही होती नं आमच्या घरी. — येताना तलाव पाहिला का नाई? शाळेच्या मागून जी उंच पाळ दिसते, झाडाझुडपाची, ती. माझ्या सासऱ्याच्या आज्याच्याही आज्यानं बांधली. आमी कोहळी. आमच्या लोकाइचं कामच ते, जमीन पाहून सांगत का पाणी कोठी थांबते अन् कोठी नाई. मशीन नाई, इंजिनेर नाई — माती, टोपलं अन् बैलाचे पाय. थर टाकायचा, बैल फिरवायचे, पुन्हा थर टाकायचा. पिढ्यान् पिढ्या पाणी थांबलं तिच्या मागे, साऱ्या गावाचं धान तिच्याच भरवशावर. अन् त्या तलावाच्या पाणी-कमिटीचे अध्यक्ष कोण? अंजूचे बाबा. शिक्का त्याइच्या खिशात. काम काय, तं वर्षातून एक मिटिंग अन् तलावाच्या पूजेले नारळ फोडणं. बाकी पाळीवर फिरणं, घुशीचे बिळं बुजवणं, झुडपं काढणं, तुडुमावर — म्हणजे जठून पाणी सोडतात त्या तोंडावर — झडीत जाऊन पाहणं, हे सारं करे सुकराम. माझा लहाना देर, याइचा सख्खा भाऊ. अध्यक्ष हे, अन् चिखल त्याचा. अशी वाटणी.

तं चंद्रकुमारले मोरगावकडच्या रस्त्याचं काम भेटलं होतं अन् माती पाहिजे होती. कागद घेऊन आला का तलावातला गाळ काढतो, फुकट काढतो, तलाव खोल होईल, लोकाइच्या शेतात गाळ पडेल. आयकाले किती गोड. पण गाळावर रस्ता होते का? म्हशीलेही समजते. रस्त्याले पाहिजे कडक माती, अन् कडक माती कोठी — पाळीच्या बुडाशी, बाहेरच्या अंगानं, बैलानं तुडवून तुडवून गोटा झालेली. सुकराम येऊन सांगून गेला, का दादा, गाळ काढतो म्हणते तं काढू दे, पण पाळीले हात नोको लावू देऊ, बूड गेलं का ती उभी राहत नाई. याइनं आयकून घेतलं. आठ दिवस सही नाई केली, मी खोटं नाई बोलत, आठ दिवस कागद देवाजवळ ठेवून होते. नवव्या दिवशी चंद्रकुमार पुन्हा आला, ह्या गाडीत. अठीच, या आंब्याखाली उभी केली. चाय पेला, अन् जाताना उमेंद्रले म्हणला, गाडी राहू दे अठीच, तूही राहा, अध्यक्षाले तलावावर फिरा लागते, चिखल राहते, वापरू दे, नावाचं मागून पाहू. अन् खुद कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून गेला. चलाख आदमी. हे आपले हात मागे बांधून गाडीभोवती फिरून राहिले, बाजारात बैल पाहतात तसे. दातच पाहाचे राहिले होते.

मंग केली सही. — कोणी कर म्हणलं? कोणी नाई म्हणलं. — बरं, मी म्हणली. त्यात काय. एवढंच म्हणली का तुमच्या बापजाद्यानं तलाव बांधला, तुमी काय बांधलं? गोठा. तोही एका बाजूनं पडका. आता हे म्हणणं म्हणजे काही सही करा म्हणणं होते का? होत नाई. बाया म्हणतातच. बाकीच्या बाया याच्यापेक्षा जास्त म्हणतात. अन् पुरुषाले आपली अक्कल असावी का नाई? बायकोनं म्हणलं म्हणून कोणी गावाची पाळ देऊन टाकते का? — पाणी घ्या, घ्या नं. तलावाचं नाई, बोरिंगचं हाये.

गाडी आली तवा मी सगळ्यात आधी कामठ्याले गेली. कामठा माझं माहेर, गोंदियाच्या पलीकडे. तठी माझी भावजय हाये, देवकाबाई. आमी जायचो कसे — मोरगावून रेल्वे, गोंदियाले उतरा, मंग कामठ्याची बस, डोक्यावर तांदळाची थैली, चपलीत चिखल. अन् ती दारातूनच म्हणे, आल्या का तलाववाल्या, पाय धुऊन या. दुसरं काही नाई, पाय धुऊन या. तीस वर्षं पाय धुतले मी त्या दारात. माझ्या बापाच्या दारात. त्या दिवशी गाडी गल्लीत शिरली तं देवकाबाई फाटकापर्यंत आली. पाय धुवाचं नाव नाई. माझा हात धरून उतरवलं, अन् शेजारणीले सांगून राहिली का आमच्या नणंदेची गाडी हाये, चारही चाकं ओढतात. तिले काय माहीत चारही चाकं ओढतात म्हणजे काय. मलेही नव्हतं. पण त्या दिवशी आवडली मले गाडी, लपवून काय करू. आतून आवाज नाई, हादरा नाई, बाहेर ऊन मरणाचं अन् आत थंड. खिडकीतून सारी दुनिया पायी चालताना दिसे.

अठी तलावावर तवा मशीन चालून राहिली होती. पाळीच्या बुडाशी, बाहेरून, तुमच्या या गाडीएवढे चार-चार खड्डे. सुकराम मशीनसमोर जाऊन उभा राहिला, तं ठेकेदाराच्या माणसानं याइच्या सहीचा कागद दाखवला. भावाची सही. त्यानं वाचली, घडी करून परत दिली, अन् बाजूले झाला. तवापासून आमच्या घरी येणं बंद. हे पाहा, मध्ये तुराट्याचं एक कुंपण हाये फक्त, तिकडे त्याचं आंगण, त्याचा खोकलाही अठी आयकू येते. पण दीड वर्ष तो माणूस या बाजूले आला नाई, अन् आमच्या दिवाळीचं ताट तसंच परत पाठवलं.

काय म्हणले? सीटा. — हो, सीटा चांगल्या हायेत. नव्याच हायेत, चामड्याच्या, खऱ्या. वरून प्लास्टिक मी घातलं हाये, दर महिन्याले पुसतेही. राहतीलच नं चांगल्या. त्याइले चांगलं राहाले काय झालं.

त्या वर्षी श्रावणात तीन दिवस झड लागली होती. रोवणे होऊन पंधरा दिवस झाले होते, धान हिरवंगार उभं. हे गोंदियाले गेले होते, दाढ काढाले, रेल्वेनं गेले. उमेंद्र सुट्टीवर घरी होता अन् याइले गाडी सुरूही करता येत नाई. अध्यक्षाले. दोन दिवसानं कामठ्याले खुशीचं साक्षगंध होतं, साखरपुडा म्हणा, खुशी म्हणजे देवकाबाईची पोरगी. मी गड्याकडून आदल्या दिवशीच गाडी धुऊन घेतली होती. आतून मी स्वतः पुसली, कोरड्या फडक्यानं, सीटांच्या शिवणीतला कचरा काडीनं काढला. मागे साड्यांचा डब्बा ठेवून झाला होता. अन् अठी, या दारात बसली होती, चाबी हातात. चाबी म्हणजे आपल्या चाबीवाणी नाई, काळा गोटा, त्याच्यावर बटन. मले ती हातात धराले आवडे. दुसरं काही नाई.

दुपारचे बारा वाजले असतील. सुकराम आला. दीड वर्षानंतर. कमरेपर्यंत चिखल, डोक्यावर पोत्याची खोळ. आंगणातच उभा राहिला, ओसरीवर नाई चढला. म्हणला, "वयनी, पाळीच्या बुडातून पाणी फुटून राहिलं. गढूळ येऊन राहिलं, म्हणजे आतली माती घेऊन येते. शाळेपाशी रेतीचे पोते भरून ठेवले हायेत, दोनशे तरी. ट्रॅक्टर पाळीच्या खालीच रुतला. डोक्यावर आणतो तं उशीर होते. गाडी द्या, मी चालवतो." एवढं लांब तो माणूस माझ्याशी जल्मात बोलला नव्हता. ट्रॅक्टर चालवे तो, हातही चांगला होता. मी पाहिलं गाडीकडे. रेतीचे पोते, पाणी गळणारे, त्या सीटांवर. त्याचे पाय. अन् मले देवकाबाई दिसली, फाटकात उभी. मी म्हणली, "चाबी याइच्याजवळ हाये, गोंदियाले नेली."

चाबी माझ्या मुठीत होती जी, पदराखाली. दिसू नये म्हणून मी मूठ आवळली — अन् ते बटन दाबलं गेलं. गाडी बोलली. टुईं-टुईं, अशी, पाखरावाणी. चारही दिवे लागले, अन् दोन्ही आरसे हळूच उघडले, जनावर कान टवकारते तसे. — सुकरामनं गाडीकडे पाहिलं. मंग माझ्या हाताकडे पाहिलं. तोंडाकडे नाई पाहिलं. मी वाट पाहून राहिली, का आता शिवी देईल, आता हिसकून घेईल, दोन पावलावर तं होता. हिसकली असती तं बरं झालं असतं, आज मी लोकाइले सांगत फिरली असती का देरानं बाईच्या हातातून चाबी हिसकली. तो परतला. पळतही नाई गेला, चालत गेला. अन् जाताना फाटक लावून गेला, पावसात ढोरं आत येऊ नये म्हणून. — आवाज दिला असता तं गल्लीतच होता. मी पुन्हा बटन दाबलं. कुलूप लागलं नं मंग.

चार वाजता पाळ फुटली. तुमाले वाटते तसा मोठा आवाज नाई झाला. कोणी लांब कापड फाडते नं, तसा. अन् मंग खूप वेळ नुस्तं पाणी. माणूस कोणी नाई मेला, ते एक. सुकराम वर होता, पोतं मांडून राहिला होता, कड ढासळली तिच्यासंग खाली आला. बांबूच्या बेटात अडकला म्हणून वाचला, दोर टाकून काढला लोकाइनं. डावी मांडी मोडली. बासट एकरावर रेती बसली, अन् सगळ्यात पहिली धानाची बांधी त्याचीच, पाळीच्या पायथ्याची. धान शोधावं लागे, कोठी कोठी एक पातं वर. दीड महिन्यानं इंजिनेर आला पाहाले, अठीच बसला, तुमी बसले तठी. म्हणला का बूडच खाल्लं होतं, पोते टाकून पाळ थांबली नसती. मी चाय देता देता पुन्हा विचारलं, दोनशे पोते टाकले असते तरी? म्हणला, नाई थांबली असती. दोनदा म्हणला. मंग झालं नं? मंग गाडीचा काय संबंध? काहीच नाई. उगाच माणूस मनात घेऊन बसते. — फक्त सुकराम म्हणे, शेजारच्याले सांगताना आयकलं मी कुंपणातून, का अजून दोन घंटे भेटले असते तं सलंग फोडून पाणी दुसरीकडे काढलं असतं. सलंग म्हणजे जास्तीचं पाणी जाते ते तोंड. आता याच्यात खरं कोणाचं? शिकलेल्या माणसाचंच असेल.

चंद्रकुमारले? त्याले काय होते. त्याचा रस्ता तवापर्यंत झाला होता. गाडीचं विचाराले फोनही नाई केला, कागद मुकाट्यानं पाठवून दिले. अशा लोकाइले एक गाडी म्हणजे एक विडी. ओढली, फेकली. उचलणारे आमी.

अन् मी कामठ्याले गेली. — काऊन, नाई जाऊ? भाचीचं साक्षगंध, तारीख ठरलेली. उमेंद्र आला होता बातमी आयकून. हे ओसरीवर पडून होते, गाल सुजलेला, भिंतीकडे तोंड, ते नाई आले. शामकला, सुकरामची बायको, नवऱ्यासंग गोंदियाले दवाखान्यात. गावाच्या खाली रस्ता राहिलाच नव्हता, सारा चिखल, त्याच्यात कोणाचे भांडे, कोणाची मळणीची मशीन. दोन्हीकडे लोक रेती उपसून राहिले होते. उमेंद्र थांबला, म्हणला, वयनी, जाचं का खरंच? मी म्हणली, तुले जमत नसेल तं सांग. त्यानं बटन दाबलं, गाडी वर उठली. दुसरं दाबलं, खालून काही तरी कटकन लागलं, अन् गाडी चालली. जी, काय चालली. म्हैस तलावात उतरते तशी, हळू, न घसरता, एक चाक सुटलं का दुसऱ्यानं धरलं. लोक पोते खाली ठेवून पाहत राहिले. आत पाण्याचा थेंब नाई. मांडीवरचा साड्यांचा डब्बा हालला नाई. तवा मले समजलं का ही गाडी काय करू शकत होती. शेठजीले सात वर्षांत नाई समजलं, ठेकेदाराले नाई, अंजूच्या बाबाले तं आजही नाई. मले समजलं, नवी साडी नेसून, त्याच चिखलात. — अन् कामठ्याले मी जेवली. खोटं कायले सांगू. पंगतीत बसली, पोटभर जेवली, देवकाबाईनं दुसऱ्यांदा बुंदी वाढली तीही घेतली. कोणी विचारलं का गावाकडे पाऊस कसा हाये, तं म्हणली, हाये बरा. येताना मात्र मोरगावलेच उतरली अन् पायी आली. तवापासून बसली नाई तिच्यात. उमेंद्र आपल्या घरी गेला, गाडी बसली ती बसली.

पाळ पुन्हा बांधली, दुसऱ्या उन्हाळ्यात. आधी मशीन आली, पण सुकराम कुबडीवर उभा राहून म्हणला का वरचे थर हातानं पडतील अन् बैल फिरतील, नाई तं मी अठून हालत नाई. मंग सारं गाव गेलं. मीही गेली. याइनं नोको म्हणलं तरी गेली. टोपलं भरलं. आता भरलेलं टोपलं एकट्या बाईले डोक्यावर घेता येत नाई, समोरून दुसरीचा हात लागते. मी उभी राहिली. कोणी आली नाई. भांडण नाई, टोमणा नाई, काहीच नाई — माझ्यापाशी आल्या का त्याइची नजर दुसरीकडे जाये, एवढंच. मी आधी मांडीवर घेतलं, मंग छातीवर, मंग डोक्यावर, अर्धी माती पदरात. दोन दिवस तसं केलं. तिसऱ्या दिवशी शामकला आली. एक कड तिनं धरली, एक मी, अन् दिलं उचलून. मंग पाळ पुरी होईपर्यंत रोज तीच उचलून दे, रोज न बोलता. तिले चाबीचं माहीत हाये का नाई, मले आजवर नाई समजलं. तिच्या डोळ्यात पाहाले गेली का ती दुसऱ्या टोपल्याकडे वळे.

सुकरामनं कोणाले सांगतलं नाई जी. गावाले नाई, सरपंचाले नाई, भावाले नाई. गाव म्हणते अध्यक्षानं सही करून धान बुडवलं, अन् हे खाली मान घालून आयकून घेतात. अध्यक्षपण सोडलं, मिटिंगले जात नाई, चौकात बसत नाई. तलावाकडे पाठ करून जेवतात. अन् मीही म्हणते. लोकाइनं म्हणणं वेगळं, मी तं रोज म्हणते, ताट वाढता वाढता म्हणते, तुमच्या सहीनं झालं, तुमच्या एका सहीनं. एकदा फक्त म्हणले, का मी त्या दिवशी गोंदियाले गेलो नसतो तं सुकराम गाडी मागाले आला असता, मी दिली असती. आला असता, म्हणले. त्याइले वाटते तो आलाच नाई. त्याइले वाटते भाऊ एवढा रागात होता का गाव बुडतानाही आपल्या दारात नाई आला. ते ह्याच एका गोष्टीनं रात्रंदिवस — अन् मी समोर बसून पोळी वाढून राहिली —

तुमाले कायले सांगून राहिली मी हे? तुमी गाडी पाहाले आले, गाडी पाहा. इंजिन पाहा, खालून जंग पाहा. मले काय, मी अडाणी बाई, बसल्या बसल्या बोलते. तुमी विचारलं म्हणून — नाई विचारलं? सीटांचं तं विचारलं नं. त्याच्यातूनच निघालं सारं. शहरातल्या माणसाले काय विचारावं काय नाई, तेही समजत नाई.

थांबा. मोटारसायकल वाजली नं? हो, तेच. हे पाहा जी, गाडी घ्या, नाई तं नोका घेऊ, पण अठलं अठीच राहू द्या. नागपूरले गेल्यावर कोणाले सांगाचं तं सांगा, तठी आमाले कोण ओळखते. अठी नाई.

— आले का जी? भेटली बॅटरी? हो, केव्हाचे येऊन बसले हायेत पाव्हणे. चाय मांडतेच आता. — कायचं बोलणं जी? अनोळखी माणसाशी मी काय बोलू. चूपच बसलो होतो आमी.